आजोबांची अ‍ॅम्बेसेडर आणि आजचं पेट्रोल: शिशाची काळजी किती, इथेनॉलची किती?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आजोबांची १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू, मूळचंच १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, २०१४ पासून नागपूरच्या धरमपेठेतल्या घराच्या शेडमध्ये उभी आहे. आता ती चालू करून रविवारी जवळच्या फुटाळा तलावापर्यंत आणि वर्षातून एखाद-दोनदा रामटेकला न्यायची इच्छा आहे. पण एकाने सांगितलं, ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलसाठी बनलेली, अनलेडेडवर जळून जातील, आधी हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवून नवीन व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) बसवा. दुसऱ्याने सांगितलं, दर टाकीला अ‍ॅडिटिव्हची बाटली ओता. तिसऱ्याने सरळ डिझेल इंजिन टाकायला सांगितलं. तुम्ही विचारता, यातलं कोणाचं ऐकू?

नागपुरात गॅरेज चालवून मला अडतीस वर्षं झाली. त्यातली निम्मी अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटच्या खाली आडवं पडून गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी डिझेलचा विषय संपवतो. तसं करू नका. आरसी बुकात इंजिन आणि इंधन दोन्ही बदलून घ्यावं लागेल, आणि आजोबांच्या गाडीत आजोबांचं इंजिन उरणार नाही.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. पेट्रोलमधून शिसं गेलं, हा एक. पेट्रोलमध्ये इथेनॉल आलं, हा दुसरा. पहिला बदल तुमच्या गाडीने केव्हाच पचवला आहे. देशभरात शिशाचं पेट्रोल फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आजोबांनी गाडी २०१४ पर्यंत चालवली, म्हणजे चौदा वर्षं ती अनलेडेडवरच चालत होती. इंजिन जळायचंच असतं तर तेव्हाच जळलं असतं. तुम्हाला भीती घालणाऱ्याने एवढा हिशोबही केलेला नाही. इथेनॉलचं मात्र तसं नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये पंपांवर येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. ते या गाडीच्या नळ्यांना, पंपाला, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला पहिल्यांदाच भेटणार आहे. माझी काळजी तिथे आहे.

तरीही शिशाचं आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी घाबरवलं तर उत्तर देता येईल. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की टेट्राइथाइल लेड नावाचं रसायन चिमूटभर मिसळलं तर पेट्रोलचं नॉकिंग (वेळेआधी भडकून इंजिनात होणारी ठकठक) थांबतं. शिसं आलं ते त्यासाठी. व्हॉल्व्हला झालेला फायदा ओघाने मिळाला. जळलेल्या शिशाचा एक पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) आणि त्याच्या सीटच्या मध्ये बसायचा. तुमच्या गाडीचं हेड बिडाचं आहे आणि सीट त्याच बिडात कापलेली आहे, वेगळी रिंग नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक तापतो, मिनिटाला हजार-दीड हजार वेळा सीटवर आपटतो आणि आपटताना किंचित फिरतो. मध्ये थर नसेल तर तापलेल्या बिडाचे सूक्ष्म कण व्हॉल्व्हला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. असं करत सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसत जातो.

पण हे होण्यासाठी व्हॉल्व्ह तेवढा तापावा लागतो, आणि तो तापतो बराच वेळ सलग जोरात पळवल्यावर. धरमपेठ ते फुटाळा या फेरीत इंजिन धड गरम व्हायच्या आधी तुम्ही पोहोचलेले असता. सीट झिजायला कारण लागतं, आणि ते तुमच्या वापरात दिसत नाही.

कारण मिळालं तर काय होतं तेही मी पाहिलं आहे. दोन-अडीच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अशीच मार्क टू घेऊन समृद्धी महामार्गाने शिर्डीला गेलं. पाचशेवीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं, रिकामा सरळ रस्ता, म्हणून जवळजवळ पूर्ण वेळ काटा नव्वद-शंभरच्या मध्ये ठेवला. परत आल्यावर तक्रार, सकाळी गाडी तीनच सिलिंडरवर चालते. टॅपेट कव्हर काढलं तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये फीलर गेज (फट मोजायचं पातळ पातं) शिरेना, म्हणजे सीट झिजून फट संपली होती. जाण्याआधी मीच पंधरा थाउ (एक थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ठेवले होते. त्या इंजिनाचा पिंड साठ-सत्तरने जाणाऱ्या रस्त्यांचा आहे. तुम्हालाही माझं सांगणं हेच, की रामटेकला खुशाल जा, मनसरपर्यंतच्या हायवेवर साठ-पासष्टने जा, पण समृद्धीवर नेऊ नका. नेणारच असाल तर हेडचं काम आधी करा. सगळं तुमच्या वापरावर अवलंबून आहे असं मी म्हणतो ते याचसाठी.

मग तुमची सीट ठीक आहे की नाही, हे कसं कळणार? हेड न उतरवता कळतं. त्यासाठी फीलर गेज, एक वही आणि धीर एवढंच लागतं. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. पुढून मोजलं तर पहिला, चौथा, पाचवा आणि आठवा एक्झॉस्टचे. सकाळी इंजिन थंड असताना कव्हर काढा, प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. नऊचा हिशोब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याची गॅप मोजायची, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसऱ्याची, बेरीज कायम नऊ. पंधरा थाउचं पातं रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या टोकाच्या मध्ये सरकवताना लोण्यातून सुरी जावी तसं जायला नको आणि ओढून काढावंही लागायला नको. किंचित धरून सोडल्यासारखं लागलं पाहिजे. सगळे आठ लावून घ्या आणि वहीत तारीख, मीटर रीडिंग लिहा.

पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तसंच थंड इंजिनवर मोजा, पण लगेच अ‍ॅडजस्ट करू नका, आधी लिहून ठेवा. व्हॉल्व्ह सीटमध्ये आत गेला की त्याची दांडी वर येते आणि गॅप कमी होते. गॅप वाढली तर ती रॉकरची झीज, सीटशी संबंध नाही. चारही एक्झॉस्ट पंधराच्या आसपास असतील तर हेडला हात लावायचं कारणच नाही. एखादा तेरा-साडेतेरावर आला तर पुन्हा पंधरा करून पुढच्या पाचशेला बघा. दर वेळी तोच व्हॉल्व्ह दोन-दोन थाउने कमी होत असेल, तर सीट खरोखर जाते आहे असं समजा. तेव्हा उशीर नको. गॅप शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता सीटमध्ये उतरत नाही आणि काठ जळून करवतीसारखा होतो.

सीट बसवायची वेळ आलीच तर फक्त चार एक्झॉस्टच्या बसवा, इनलेटला गरज नसते, येणाऱ्या ताज्या मिश्रणाने ते गार राहतात. आणि काम कोण करतो ते नीट बघून घ्या. या हेडमध्ये दोन आणि तीन नंबर सिलिंडरचे एक्झॉस्ट एकाच तोंडातून बाहेर पडतात, मधली भिंत पातळ आणि सर्वांत तापणारी. माझ्याच एका गिऱ्हाइकाचं चांगलं हेड एका वर्कशॉपमध्ये गेलं. रिंगसाठी खाच घेताना कटर जरा जास्त खोल गेला आणि पाण्याच्या जॅकेटला भोक पडलं. दुरुस्त न होता हेड भंगारात गेलं आणि दुसरं शोधण्यात चार महिने गेले. झिजलं नसताना हेड उघडायला मी नको म्हणतो ते हा प्रसंग आठवून. उद्या हेड गॅस्केट गेलं किंवा दुसऱ्या कशासाठी हेड उतरवावंच लागलं, तर त्याच वेळी कडक सीट बसवून घ्या. एका खर्चात दोन कामं होतील.

फियाटवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच. १०८९ सीसीच्या फियाट-पद्मिनीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट बसूच शकत नाही, त्यामुळे सीटच्या वेगळ्या रिंगा कारखान्यातूनच असतात. शिशाची चिंता तुम्हाला आणखी कमी. जुन्या राजदूत, येझदी टू-स्ट्रोक, त्यांना व्हॉल्व्हच नाहीत. इथेनॉलचं पुढचं सगळं मात्र सगळ्यांनाच लागू.

अ‍ॅडिटिव्हची बाटली चालते का? काही बाटल्या खरोखर काम करतात. त्यांत शिशाच्या जागी पोटॅशियम, मँगनीज किंवा फॉस्फरसची संयुगं असतात आणि ती सीटवर तसाच थर धरतात. समृद्धीसारखा प्रवास एकदाच करायचा असेल तर त्या टाकीपुरती घाला. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या एकत्र करू नका. रविवारच्या फेरीसाठी दर वेळी ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं. ऑक्टेन वाढवणारं महागडं पेट्रोलही तुम्हाला नको. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की साध्या पेट्रोलचं ऑक्टेनसुद्धा त्याला गरजेपेक्षा जास्त आहे.

विमानाच्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं, तेही कोणी सुचवेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. माझ्या उमेदवारीच्या काळात आम्ही तोंडाने नळी ओढून टाकी रिकामी करायचो, शिशाच्या पेट्रोलने हात धुवायचो आणि त्याच हाताने डबा खायचो. शिसं रक्तात जातं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शिसं गेलं ते फार चांगलं झालं. कुठल्याही गाडीसाठी ते परत यावं असं मला वाटत नाही.

आता इथेनॉल. आधी तुमच्या डोळ्यांनी बघून घ्या. शंभर मिलीचं काचेचं मापपात्र घ्या, वीसच्या रेघेपर्यंत पाणी घाला, वर शंभरपर्यंत पंपावरचं पेट्रोल. तोंड बंद करून हलवा आणि पाच मिनिटं ठेवून द्या, मोकळ्या हवेत, आगीपासून लांब. मी गेल्या महिन्यात केलं तेव्हा खालचा थर वीसवरून पस्तिशीच्या आसपास चढला. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याने ओढून घेतलं आणि खाली बसलं. दहा वर्षांनी चालू होणाऱ्या टाकीत हेच होऊ शकतं. पावसाळ्यात ओली हवा टाकीत शिरते, इथेनॉल ते पाणी धरून ठेवतं आणि फार झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. पेट्रोल ओढणारी नळी तळातूनच ओढते.

पण सर्वांत आधी रबर. तुमच्या गाडीतल्या पेट्रोलच्या नळ्या, फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला लवचीक पडदा), कार्ब्युरेटरचे काही सील जुन्या रबराचे आहेत. इथेनॉलने ते फुगतात, मऊ होतात, मग सुकल्यावर तडकतात. आणि या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका वायू बाहेर नेणारा नळ) एकाच बाजूला आहेत, कार्ब्युरेटर वर, तापलेलं मॅनिफोल्ड खाली. नळी गळली तर थेंब कुठे पडेल ते तुम्हीच बघा. व्हरायटी चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या एका अ‍ॅम्बेसेडरच्या बॉनेटमधून धूर निघताना मी स्वतः पाहिला. शेजारच्या रिक्षावाल्याने वाळू टाकली म्हणून थोडक्यात भागलं. गाडीचा मालक थरथर कापत होता. मला म्हणाला, "काका, आठ दिवसांपासून पेट्रोलचा वास येऊन राहिला होता, पण गाडी मस्त चालून राहिली होती म्हणून लक्ष नाही दिलं." पंप ते कार्ब्युरेटर ही वीतभर नळी, मधोमध उभी चिरलेली होती. बोटाने दाबली तर शेवेसारखी तुटली.

म्हणून तुमचा पहिला खर्च हेडवर नको, नळ्यांवर करा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत एकही जुना रबरी तुकडा ठेवू नका. नवीन नळीवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं हवं, आतला थर व्हिटॉन नावाच्या रबराचा असतो. मीटरवर कापून मिळणारी साधी काळी नळी घेऊ नका, दिसायला सारखीच असते. क्लिपसुद्धा नव्या घाला. पंपाचा डायफ्राम इथेनॉलला चालणारा आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि तो सांगू शकत नसेल तर दुसरं दुकान बघा. जुन्या पाकिटातला, वीस वर्षं कपाटात पडलेला 'ओरिजिनल' डायफ्राम कौतुकाने देतील, तो घेऊ नका.

टाकी उतरवून रिकामी करा. दहा वर्षांचं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही, वॉर्निशसारखा वास येईल. त्यावर इंजिन फिरवूसुद्धा नका. आतून धुऊन गंज बघा. कोणी पूर्वी टाकीला आतून कोटिंग केलं असेल तर जपून, जुनी कोटिंगं इथेनॉलमध्ये सुटतात आणि त्यांचे पापुद्रे थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतात. इथेनॉल जुना चिकट मळही सोडवतं, त्यामुळे पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर तो काळा दिसला की न वाट पाहता बदला.

मग मिश्रण. शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळल्यावर हिशोब साडेतेराच्या आसपास येतो. तुमच्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, त्याला जुन्याच मापाने पेट्रोल सोडायचं माहीत. म्हणजे इंजिन सात-आठ टक्के लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं, जास्त तापतं, चढावर दम टाकतं, थंड असताना कार्ब्युरेटरमधून शिंकतं. प्लग काढून बघा. पोर्सेलीन चहासारखं तपकिरी असेल तर काहीच करू नका. पांढरंफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घाला. समजा १२० चा आहे तर १२५. आकड्यात फरक किरकोळ दिसतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं, आपल्याला हवं तेवढंच. जेटमध्ये तार घालून भोक मोठं करणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका. आणि इथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात: लीन इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो. म्हणजे सीट वाचवायची असेल तर अ‍ॅडिटिव्हच्या बाटलीपेक्षा बरोबर जेट जास्त उपयोगाचा.

आपल्या उन्हाचं वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला सिग्नलवर उभं राहिलं की पेट्रोल नळीतच उकळतं आणि गाडी बंद पडते. इथेनॉलच्या पेट्रोलने हे आणखी लवकर होतं. पूर्वी ड्रायव्हर फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचे, ते आजही चालतं. कायमचा उपाय म्हणजे नळी मॅनिफोल्डपासून लांब वळवणं आणि तिला उष्णतारोधक आवरण घालणं. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा असेल तर दोन-अडीच पीएसआय दाबाचाच घ्या आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद होईल असं वायरिंग करून घ्या. चालू पंप आणि तुटलेली नळी, हे दोन एकत्र कधीही नकोत. खरं सांगायचं तर एप्रिल-मेमध्ये मी माझ्या गिऱ्हाइकांना सकाळी नऊच्या आत फेरी उरकायला सांगतो.

गाडी उभी ठेवतानाही एक सवय लावा. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओली हवा राहते. महिनाभर निघणार नसाल तर टाकीकडून पंपात येणारी नळी काढून, तिचं तोंड बंद करून, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या. गेल्या दिवाळीत मी एक सोलेक्स कार्ब्युरेटर उघडला. जूनपासून उभ्या गाडीचा होता. फ्लोटच्या वाटीत तळाला पांढरट-हिरवी खरपुडी जमली होती, मीठ सुकल्यासारखी, आणि नीडल (पेट्रोलची आवक अडवणारी सुई) चिकटून बसली होती.

आता चालू करताना घाई नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी हँडलने हाताने फिरवा. मोकळं फिरलं की ऑइल बदला, नळ्या, पंप, टाकी, फिल्टर झाल्यावरच ताजं पेट्रोल भरा. आधी पाचच लिटर. इंजिन सुरू झालं की शेजारी अग्निशामक ठेवून दहा मिनिटं बॉनेट उघडंच राहू द्या, आणि नळीच्या प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर लगेच बंद करा.

टॅपेटचे पहिले आठ आकडे आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतरच्या प्लगचा फोटो इथेच टाका. जेट बदलायचा की नाही ते फोटो बघून सांगतो.